खुंट्याला दुसरा हात

माझ्या फोनमध्ये १ मिनिट ५२ सेकंदांची एक ऑडिओ फाइल आहे. तिचं नाव 'आजी ओव्या फायनल'. मूळ रेकॉर्डिंग साधारण अकरा मिनिटांचं होतं. उरलेली नऊ मिनिटं मी कापून टाकली. हा लेख त्या नऊ मिनिटांबद्दल आहे. ती आता माझ्याकडे नाहीत, त्यामुळे नाइलाजानं मला इतर लाखभर ओव्यांबद्दलही बोलावं लागणार आहे.

आधी झालं ते सांगतो. माझी आजी मूळची पारनेर तालुक्यातली. गेली कित्येक वर्षं ती आमच्याकडे चिंचवडला असते. तिला ओव्या येतात हे घरात सगळ्यांना माहीत होतं, पण ऐकल्या कुणीच नव्हत्या. एका रविवारी मी तिला हॉलमधल्या खुर्चीत बसवलं, फोन समोर धरला आणि म्हणालो, "म्हण." ती दोन शब्द म्हणायची आणि थांबायची. तिसऱ्यांदा थांबल्यावर वैतागून म्हणाली, "आरं, खुर्चीत बसून कुठं ओवी येती व्हय?" मला वाटलं, वय झालंय, विसरली असेल.

त्याच वर्षी दिवाळीनंतर आम्ही तिच्या माहेरी गेलो. तिथे पडवीच्या कोपऱ्यात जुनं जातं होतं. वर फळी टाकून त्यावर बादली ठेवलेली. मी बादली उचलली, आजीला खाली बसवलं. तिनं खुंट्यावर हात ठेवला. तेवढ्यात मामीआजी, म्हणजे आजीच्या थोरल्या भावाची बायको, आतून आली, न विचारता समोर बसली आणि तिनंही खुंटा धरला. "चला वन्सं," म्हणाली. जात्यात दाणा नव्हता, दगडावर दगड नुसता घासत होता. आजीनं पहिली ओवी म्हटली ती भावावर. ती संपते न संपते तोच मामीआजीनं पुढची घेतली. मग आजीनं. मग पुन्हा तिनं. अकरा मिनिटं.

पुण्यात परत येताना बसमध्येच मी फाइल साफ केली. दगडाची घरघर जमेल तितकी कमी केली, मधलं खोकणं, हसणं काढलं. आणि आजीचा आवाज सलग यावा म्हणून मामीआजीच्या सगळ्या ओव्या काढून टाकल्या. फॅमिली ग्रुपवर टाकली. चाळीस हार्ट आले. पुढे स्टोरेज भरलं तेव्हा मूळ फाइल डिलीट केली, कारण 'फायनल' होतीच.

आपण काय केलं हे कळायला मला दोन वर्षं लागली. ते कळलं कामाच्या सवयीमुळे, एक डेटाबेस वाचताना.

एक लाख ओळी

जात्यावरच्या ओव्यांचा जो संग्रह आज कुणालाही फोनवर ऐकता येतो, तो हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सुरू केला. पुण्याच्या पश्चिमेकडच्या डोंगराळ भागात, मुळशीच्या आसपास, 'गरीब डोंगरी संघटने'चं काम करताना १९८०च्या दशकात त्यांना या ओव्या भेटल्या. पुढे काम वाढत गेलं. महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांतल्या तीन हजारांहून जास्त बायकांनी म्हटलेल्या १ लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. १९९०च्या दशकात बर्नार्ड बेल या फ्रेंच संशोधकानं ध्वनिमुद्रणाची आणि संगणकीय मांडणीची बाजू उचलली. तबल्याच्या बोलांसाठी 'बोल प्रोसेसर' नावाचं सॉफ्टवेअर लिहिणारा हाच माणूस. पॉइटवाँ २००४ साली गेले, राईरकर २०१० साली. २०१७पासून 'पारी', म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया, ही सगळी ठेव टप्प्याटप्प्यानं प्रसिद्ध करतंय: मराठी ओव्या, इंग्रजी भाषांतर, आवाज, कधी फोटो आणि व्हिडिओ.

मी आधी त्याची रचनाच पाहिली. सवय. प्रत्येक ओवी ही एक नोंद. तिला क्रमांक, गाव, तालुका, गाणाऱ्या बाईचं नाव. मग विषय, उपविषय, त्याखाली आणखी उपविषय आणि प्रत्येकाला अक्षर-आकड्यांचा कोड. सीतेचा एक मोठा कप्पा आणि त्यात तिच्या जन्मापासून वनवासापर्यंत छोटे कप्पे. आई-लेक, भाऊ-बहीण, भावजय, सासर, पंढरी, आंबेडकर. एखाद्या घटकेसाठी मला वाटलं की हे माझ्याच टीममधल्या कुणीतरी लिहिलंय.

पण ओव्यांचं मराठीत आजवर जे झालं, त्याच्या शेजारी ही रचना ठेवली की तिचं वेगळेपण दिसतं.

अनाम बाई आणि तिचं मन

ओव्या गोळा करण्याची आपली परंपरा जुनी आणि मोठी आहे. साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन'मध्ये त्या नात्यांप्रमाणे लावल्या आणि मधे आपलं हळवं गद्य घातलं. सरोजिनी बाबर यांनी आयुष्यभर लोकसाहित्य गोळा केलं. इंदिरा संतांनी 'मालनगाथा' लिहिताना ओवी रचणाऱ्या अनाम बाईला 'मालन' म्हटलं आणि एका कवयित्रीनं दुसरीकडे बघावं तसं तिच्याकडे पाहिलं. या सगळ्यांचे आपल्यावर उपकार आहेत. ही माणसं नसती तर यातलं बरंच काही गिरणीच्या पहिल्या भोंग्याबरोबर संपलं असतं.

तरी या परंपरेनं आपल्याला ओवी वाचण्याची एक सवय लावली आहे आणि तिच्याशी माझं भांडण आहे. या सवयीत ओवी म्हणजे बाईच्या मनाचा उद्गार. पहाटेचा अंधार, एकटी बाई, जात्याची घरघर आणि मनात साठलेलं दुःख आपोआप ओठांवर येतंय. शाळेच्या पुस्तकापासून ८ मार्चच्या पोस्टपर्यंत हेच चित्र फिरतं. हल्ली त्याची नवी आवृत्तीही आलीय: 'ओवी म्हणजे त्या काळचं ट्वीट.' दोन्हींत चूक एकच. दोन्ही ठिकाणी बोलणारी एक बाई दिसते. ऐकणारी दिसत नाही.

जात्यावर बहुतेकदा दोघी असायच्या. घर मोठं, दळण जास्त, एकटीनं ओढायचं तर खांदा जायचा. समोरासमोर बसायचं, एकाच खुंट्याला दोघींचे हात, एकीनं मधेमधे वैरण घालायची. एकीनं ओवी म्हणायची, दुसरीनं साथ द्यायची किंवा पुढची घ्यायची. आता विचारा, ही दुसरी कोण? कधी शेजारीण, कधी बहीण किंवा लेक. पण रोजच्या दळणाला समोर असायची ती घरातलीच: सासू, जाऊ, नणंद, भावजय. म्हणजे जिच्याबद्दल तक्रार करायची, ती कितीदा तरी खुंट्याच्या पलीकडेच बसलेली असणार.

हे एकदा डोक्यात आलं की ओव्या वेगळ्याच ऐकू येतात. भाऊ-बहिणीच्या ओव्या घ्या. त्यांत भाऊ फार मोठा असतो. तो येतो, नेतो, साडीचोळी घेतो, त्याच्या वाटेकडे डोळे लागलेले असतात. आणि भावजय? ती माहेरच्या सुखात आडवी येते. तीच जेवण कमी वाढते, तीच तोंड फिरवते. अभ्यासक याचा अर्थ सांगतात की बाईला भावावर थेट रागावता येत नाही, म्हणून राग भावजयीवर निघतो. पटण्यासारखं आहे. पण हा अर्थ लावताना आपण ओवी एकटीची धरतो. दिवाळीला माहेरी आलेली नणंद आणि घरातली भावजय एकाच जात्यावर बसल्या असतील तर ती ओवी म्हणजे भावजयीच्या तोंडावर सांगितलेली गोष्ट आहे. आणि भावजयीलाही उत्तर देण्याची सोय आहे, कारण पुढची ओवी तिची. शिवाय तीही कुणाची तरी बहीण आहे. नणंदेच्या भावावर ती तिच्या भावाची ओवी ठेवू शकते.

भांडण झालं, पण कुणी भांडलं नाही. दळण संपलं की दोघींना एकाच चुलीशी जायचंय. ओवीचा आडवळणीपणा मला इथून समजतो. लाजाळूपणा किंवा काव्यमयता हे त्याचं कारण नसावं. ऐकणारी दीड हातावर बसलेली आहे आणि उद्याही बसणार आहे, हे खरं कारण.

सीतेच्या नावानं

सीतेच्या ओव्या याच कारणानं इतक्या असाव्यात. ताराबाई भवाळकरांनी 'सीतायन'मध्ये लोकपरंपरेतली सीता सविस्तर मांडली आहे: गरोदरपणी घराबाहेर काढलेली, वनात बाळंत झालेली, जिच्या बाजूनं कुणी बोललं नाही अशी. जात्यावरच्या सीतेला राजवाड्यापेक्षा सासर जास्त आहे. तिला सासू आहे, तिच्या वनवासाला नेहमीच्या घरासारखी कारणं आहेत.

'बाया आपलं दुःख सीतेच्या तोंडून सांगत' हे वाक्य आपण इतक्यांदा वाचलंय की त्याचं काम कसं चालतं ते बघायचं राहून जातं. माझ्या भाषेत सांगतो. सीता हे सगळ्यांना माहीत असलेलं, सगळ्यांना वापरता येणारं नाव आहे. मी सीतेच्या सासूबद्दल बोलले तर माझ्या समोर बसलेली सासू आक्षेप घेऊ शकत नाही. घेतला तर ती स्वतःलाच त्या जागी बसवते. उलट तिलाही सीता मोकळी आहे, कारण तीही एके काळी सून होतीच. सीतेची ओवी सुनेनं सुरू करायची आणि सासूनं पुढे न्यायची, हे त्या घरात शक्य होतं. थेट बोलून हे कधीच शक्य झालं नसतं.

आणि हे साचे जुन्याच विषयांसाठी होते असंही नाही. संग्रहातल्या आंबेडकरांवरच्या ओव्या ऐका. दलित बायकांनी त्याच चालीत, त्याच दोन ओळींत आंबेडकरांना आणलंय: कधी भाऊ म्हणून, कधी घरचा कर्ता म्हणून, प्रवास करून येणारा म्हणून. ज्या जागी भावाची वाट बघितली जायची त्याच जागी आता ते आहेत. कुठल्याही समीक्षकाला न विचारता या बायकांनी साचा बदलला, आणि समोरचीनं पुढची ओवी घेतली म्हणून तो टिकला.

जनीला कोण हवं होतं

ओवीचा उल्लेख किती जुना, असा प्रश्न आला की चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास'चा दाखला देतात. बाराव्या शतकातला हा ग्रंथ सांगतो की महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात. कांडताना, हे बघा. दळण असो की कांडण, ते एकमेकींच्या लयीत करायचं काम. दोघी कांडत असतील आणि मुसळाचे घाव चुकले तर हातावर बसायचे. गाणं हे त्या लयीचं साधन होतं. ज्ञानेश्वरीची ओवी ग्रंथात गेली, मोठी झाली. जात्यावरची जात्यावर राहिली.

जनाबाईची कथा आपल्याला माहीतच आहे: विठ्ठल येऊन तिच्याबरोबर दळू लागतो. पंढरपूरजवळ गोपाळपूरला जनाबाईचं म्हणून जातंही दाखवतात. या कथेला भक्ती, समता असे मोठे अर्थ लावता येतात आणि ते खोटे नाहीत. पण दळणाच्या बाजूनं बघा. नामदेवाच्या घरची दासी, एकटी दळणारी. देव प्रसन्न झाला तर तिनं काय मागावं? कथा म्हणते, तो आला आणि समोर बसला. दळण आपोआप पूर्ण झालं, असा चमत्कार तिथे नाही. खुंट्याला दुसरा हात लागला एवढाच चमत्कार आहे. ज्या लोकांनी ही कथा सांगितली त्यांना एकटीच्या दळणाचा अर्थ नीट माहीत होता.

गिरणी आली तेव्हा

इथे मला स्वतःला आवरायला हवं. जात्याची आठवण काढणारा पुरुष, तोही एसीत बसून कोड लिहिणारा, यानं जरा जपूनच बोलावं. मी आजीला विचारलं होतं, गावात गिरणी आली तेव्हा वाईट वाटलं का? ती हसली. "वाईट? सुटलो म्हटलं." पहाटे तीन-चारला उठायचं, आठ-दहा माणसांचं पीठ काढायचं, मग पाणी, मग शेत. दर काही महिन्यांनी जात्याला टाकी लावून घ्यायची, नाहीतर पीठ जाडं पडतं म्हणून बोलणी. गिरणीनं तिचा खांदा वाचवला. ओव्या गेल्या याचं दुःख मला आहे, तिला नाही. कष्ट गेल्याबरोबर त्या कष्टातली बैठकही गेली, हे खरं. पण ती बैठक हवी म्हणून कष्ट परत मागणं हा आपला निर्लज्जपणा होईल.

म्हणून प्रश्न असा विचारावा: खुंट्याला दुसरा हात लागला की जे घडायचं, ते आता कुठे घडतं?

तुम्ही म्हणाल, व्हॉट्सअॅप स्टेटस. मीही तोच विचार केला होता. स्टेटस सगळ्यांसाठी असतं, पण टाकणाऱ्याला माहीत असतं ते कुणासाठी आहे. गाण्याच्या दोन ओळी टाकायच्या आणि 'सीन'च्या यादीत ते एक नाव आलं का बघायचं. नाव न घेता सांगणं, दुसऱ्याच्या शब्दांत सांगणं, हे अगदी ओवीसारखं. पण यादीत नाव आलं की गोष्ट तिथेच संपते. पाहणाऱ्यावर पुढची ओवी घेण्याची जबाबदारी नाही. जात्यावर गप्प बसणंही उत्तर असायचं, कारण हात तर चालूच असायचा. सगळ्यांना दिसायचं की ही गप्प आहे पण ओढतेय. स्टेटस पाहून गप्प बसलेला माणूस गप्प आहे की पुढे सरकलाय, हे कळायला मार्ग नाही. दोघांच्या हाताला एकच काम नाही, फरक तिथून सुरू होतो.

शेजार

पुन्हा त्या डेटाबेसकडे येतो. माझी पहिली तक्रार अशी होती की ओवीची नोंद झाली की तिचा शेजार जातो. कुणी कुणाला उत्तर दिलं, कुठल्या ओवीनंतर कुठली आली, मधे कोण हसलं, हे विषयवार कप्प्यांत बसत नाही. भावाच्या ओव्या एका खणात, भावजयीच्या दुसऱ्या. पडवीत त्या एकमेकींच्या अंगावर येत होत्या. इथे त्यांच्यात कितीतरी पानांचं अंतर आहे. ज्या ओव्यांचं ध्वनिमुद्रण आहे तिथे ही तक्रार बरीच कमी होते. दोघी-तिघींचे आवाज एकमेकांवर चढतात, एक अडली की दुसरी शब्द पुरवते, ते सगळं कानाला मिळतं. पण ध्वनिमुद्रण सगळ्या ओव्यांचं नाही. बहुतेक ओव्या लिहून घेतलेल्याच आहेत.

तरी वाचत राहिल्यावर तक्रार थोडी बदलली. एकाच विषयाखाली मुळशीच्या बाईची ओवी आणि तिच्या लगेच खाली मराठवाड्यातल्या बाईची. एक मावळातली, एक दुष्काळी गावातली, दोघी कधी भेटल्या नसणार. पण सीतेच्या वनवासाबद्दल पहिली जे अर्धवट सोडते ते दुसरी पूर्ण करते आहे असं वाटतं. डेटाबेसनं एक शेजार मोडला आणि दुसरा बसवला. तो खरा नाही, पण खोटाही म्हणवत नाही.

आणि एक गोष्ट या संग्रहानं आधीच्या कितीतरी पुस्तकांपेक्षा नीट केली. प्रत्येक ओवीपुढे गाणारीचं नाव लिहिलं. 'मालन' हे नाव सुंदर आहे, पण ते हजारो बायकांना मिळून एक दिलेलं आहे. इथे तीन हजार बायकांची तीन हजार नावं आहेत. विषयांचे कप्पे चुकले असतील, वादाला जागा असेल, पण कुणाच्या तोंडून आलं हे पुसलेलं नाही. हे वाचतानाच मला माझी फाइल आठवली. मी तर अकरा मिनिटांतल्या दोनपैकी एका बाईला पुसलं होतं.

नऊ मिनिटं

आता ते, जे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी जन्मायच्या आधी आजीनं माहेरच्या जमिनीवरचं हक्कसोडपत्र करून दिलं होतं. सातबाऱ्यावर वारस म्हणून तिचं नाव लागलं होतं, ते निघालं. भावानं मागितलं, तिनं सही केली. आपल्याकडे हजारो बहिणी करतात. १९९४ साली महाराष्ट्रात आणि २००५ साली देशभर कायद्यानं मुलींना मुलांच्या बरोबरीचा हक्क दिला. तरी सही करणाऱ्या बहिणी अजून सही करतातच. कारण माहेरचं दार उघडं राहण्याची ती किंमत समजली जाते. बाबा सांगतात, त्यानंतर आजी-मामीआजी बरीच वर्षं नीट बोलत नव्हत्या. सही करताना मामीआजी काहीतरी बोलली होती म्हणे. काय, ते कुणाला आठवत नाही किंवा सांगायचं नाही.

म्हणजे त्या पडवीत आजीनं भावाची ओवी म्हटली, ती कुणाला उद्देशून? आणि मामीआजीनं लगेच पुढची घेतली, त्यात ती काय म्हणाली? मी तिथेच होतो. फोनची पातळी बघत होतो. मला मामीआजीच्या ओवीत दाराचा काहीतरी उल्लेख होता एवढंच आठवतं, आणि त्यानंतर दोघी हसल्या होत्या. ते हसू मी नॉइज म्हणून कापलं.

मामीआजी मागच्या वर्षी गेली. आजीला मी विचारलं, तेव्हा ती काय म्हणाली होती? आजी म्हणाली, "जात्यावरचं जात्यावर." पुढे काही नाही. मला वाटतं हे ओवीबद्दलचं सगळ्यात नेमकं समीक्षावाक्य आहे, आणि ते माझ्याविरुद्ध आहे. काही गोष्टी दोघींतच ठेवायच्या म्हणून इतक्या जणींसमोर सांगितलेल्या असतात.

तरीही ती नऊ मिनिटं माझ्याकडे असायला हवी होती. ग्रुपवर टाकायला नव्हे. कुणी कुणाचं ऐकलं होतं, याची एक नोंद म्हणून. संग्रह करणाऱ्यांना, कप्पे पाडणाऱ्यांना, ओव्यांवर लेख लिहिणाऱ्यांना, म्हणजे मलाही, माझी एवढीच विनंती आहे: सांगणारीचं नाव लिहाल तेव्हा शेजारी ऐकणारीचंही लिहा.

फाइलचं नाव मी बदललंय. आता त्यात दोघींची नावं आहेत. आवाज अजून एकीचाच येतो. पण नीट कान दिला तर आजीची तिसरी ओवी संपताना, माझ्याकडून कापायचा राहून गेलेला अर्ध्या सेकंदाचा एक श्वास ऐकू येतो. तो आजीचा नाही. पुढची ओवी घ्यायला कुणीतरी घेतलेला आहे.